जुनं नेव्हिगेशन युनिट घेतलंय, मागची वायरच नाही

पुण्यात जुन्या बाजारातून गाडीचं टचस्क्रीन नेव्हिगेशन उचललं, स्वस्त होतं म्हणून मोह झाला, घरी येऊन बघतो तर मागचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) नाही, जीपीएस अँटेना नाही, नुसता डबा. डायरेक्ट बॅटरीला लावून बघू का?

— अजिबात नको रे बाबा! आधी मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकून वायरिंग डायग्राम शोध, कपलर त्या मॉडेलचाच घे. सहसा पिवळी वायर म्हणजे कायम १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा सप्लाय, काळी अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारी), पण जुन्या मालात रंगांवर विश्वास नको, गाडीकडून येणाऱ्या वायरींना मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) लावूनच बघ. पिवळी-लाल उलटी झाली तर चावी काढली की सेटिंग पुसतं, माझं महिनाभर तसंच चाललं होतं आणि मी युनिटलाच शिव्या घालत होतो 😄

— पिवळीला फ्यूज टाकाच. आणि स्पीकरची मायनस बॉडीला अर्थ करू नका, आतला अॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) जळतो.

— अँटेना वेगळा मिळतो, फक्त पिन जुळते का बघून घ्या. डॅशबोर्डवर काचेजवळ चिकटवा, पत्र्याखाली सिग्नल येत नाही.

— जपानी युनिट असेल तर मॅपही जपानचाच निघेल हां, आधी चालू करून बघा, मग खर्च करा.