अनुभव धागा : ऑनलाइन वर्गात शिकलेले शैक्षणिक मानसशास्त्र

माळरान (धागाकर्ती)

भाचीने यंदा बी.एड.ला प्रवेश घेतला आणि माझी मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची जुनी वही मागितली. ती कपाटातून काढताना तारा काढलेला एक कागद खाली पडला आणि २०२०-२१ चे ते सबंध वर्ष डोळ्यांपुढे उभे राहिले. महाविद्यालय जिल्ह्याच्या गावी, आम्ही छात्राध्यापक आपापल्या घरी आणि शैक्षणिक मानसशास्त्राचे तास मोबाइलवर, अशी ती व्यवस्था होती. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाचे शिकण्याविषयीचे सज्जता, सराव आणि परिणाम हे तीन नियम मी मेथी निवडता निवडता ऐकलेले आहेत.

तो तारा अध्ययन संक्रमणाच्या प्रयोगातला होता. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यासाठी तयार उपकरण असते : दोन समांतर रेषांनी बनलेला तारा, त्यासमोर उभा आरसा आणि हात नजरेआड करणारी फळी. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याने, केवळ आरशात पाहून त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची असते, आणि लागलेला वेळ व रेषेला झालेले स्पर्श प्रयोगकर्त्याने नोंदवायचे असतात. आधी डाव्या हाताची चाचणी होते, मग उजव्या हाताला सराव दिला जातो आणि शेवटी पुन्हा डाव्या हाताची पाळी येते. मध्यंतरी डाव्या हाताला सराव मिळालेला नसतानाही त्याचे काम सुधारते, ते एका हाताचे शिकणे दुसऱ्याकडे गेल्यामुळे, असे त्यातून मांडायचे असते.

आमच्या घरी फळी कुठली असणार? चपलांच्या खोक्याची एक बाजू कापली, दाढीचा आरसा तांदळाच्या डब्याला टेकवला आणि प्रयुक्त म्हणून सासूबाईंना बसवले. ठिपक्यांची रांगोळी एका दमात पुरी करणाऱ्या सासूबाईंची पेन्सिल पहिल्याच कोपऱ्यावर अडली. हात वर न्यावा तर तो खाली येई, आणि "हा हात माझा नाहीच मुळी," असे म्हणत त्या दोनदा उठून गेल्या. सगळा सराव झाल्यावर डाव्या हाताने तारा पुरा केला तेव्हा मात्र त्यांनी मलाच विचारले, की ज्या हाताला शिकवलेच नाही तो शिकला कसा. वहीत निष्कर्ष लिहिताना मी त्या प्रश्नापासूनच सुरुवात केली होती.

तर हा विषय ज्यांनी ऑनलाइन शिकला, मग तो बी.एड.ला असो, 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर असो वा परदेशात, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. विषय चांगला की वाईट याची चर्चा नंतर होईलच. आधी प्रत्यक्षात काय घडले ते वाचायला आवडेल.

कडुलिंब

प्रयुक्ताच्या निवेदनाचे, म्हणजे प्रयोगात कसे वाटले हे त्याच्याच शब्दांत लिहायचे असते त्याचे, काय केलेत, तेवढे सांगा. आमच्या वहीत "प्रयोगादरम्यान मला सुरुवातीस गोंधळल्यासारखे वाटले, परंतु सरावानंतर आत्मविश्वास वाढला" हे एकच वाक्य सर्वांच्या सर्व प्रयुक्तांच्या तोंडी होते. सासूबाई तसे बोलल्या असतील यावर माझा विश्वास बसत नाही.

माळरान

कडुलिंब, तुमचे वाक्य आमच्याकडेही पोहोचले होते. सासूबाईंचे मूळ निवेदन "डोळे फुटायची वेळ आली" एवढेच होते. मी ते तसेच लिहिले आणि प्राध्यापिकांनी त्यावर बरोबरची खूण केली.

शेवंती

आमच्या प्रात्यक्षिकांत पियाजे, म्हणजे मुलांचा विचार वयानुसार कसा वाढतो ते मांडणारा मानसशास्त्रज्ञ, होता, आणि प्रयुक्त म्हणून माझी पाच वर्षांची मुलगी. सारख्या आकाराच्या दोन पेल्यांत सारखे पाणी दाखवायचे, मग एका पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचे आणि जास्त कुठे आहे ते विचारायचे, एवढाच तो प्रयोग. पहिली अडचण अशी, की आमच्या घरात सगळे पेले स्टीलचे, त्यामुळे बाहेरून पातळी दिसेना. शेजारून काचेचे पेले आणले. मुलीने अपेक्षेप्रमाणे उंच पेल्याकडे बोट दाखवले, आणि त्याच क्षणी तिच्या दादाने स्वयंपाकघरातून "अगं वेडे, दोन्ही सारखेच आहेत" असे ओरडून माझे प्रात्यक्षिक संपवले.

आठवड्याने मी तोच प्रयोग दादा शाळेच्या ऑनलाइन तासात अडकलेला असताना पुन्हा केला. या वेळी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मगाशी सांगितलं ना सारखं आहे, मग परत का विचारतेस?" हे मी तासाला सांगितले तेव्हा आमच्या मॅडमनी पुढचे सगळे नियोजन बाजूला ठेवले. पियाजेवरचा एक मोठा आक्षेप नेमका हाच आहे, असे त्यांनी सांगितले. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपले आधीचे उत्तर चुकले असावे असे लहान मूल धरून चालते. एडिनबरोत मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७० च्या दशकात हा प्रयोग वेगळ्या तऱ्हेने केला : सोंगट्यांची रांग मोठ्या माणसाने हलवण्याऐवजी एका खोडकर अस्वलाच्या बाहुल्याने येऊन ती विस्कटली असे भासवले, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी सोंगट्या तेवढ्याच आहेत असे बरोबर सांगितले. मुलाला संख्या कळत नव्हती असे नव्हे. विचारणाऱ्याचा हेतू ते वेगळाच समजत होते.

तेव्हापासून मी वर्गात "नक्की का?" असे विचारण्याआधी थांबते. बरोबर उत्तर दिलेले मूल त्या दोन शब्दांनी उत्तर बदलते, हे रोज दिसते.

पेटीवाला

शेवंतीताई, फार नेमके लिहिलेत. आमचे बंधुराज वकील आहेत. साक्षीदाराचेही तसेच होते म्हणतात.

मला मात्र सिद्धांतांपेक्षा जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, आठवते. जर्नल हातानेच लिहायचे, पण पाठवायचे पीडीएफ करून, असा आदेश होता. त्यासाठी मी कॅमस्कॅनर हे पानांचे फोटो काढून पीडीएफ करणारे ॲप घेतले, सरावलो, आणि २९ जून २०२० रोजी सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तेही गेले. मग खिडकीजवळ वही धरून फोटो काढणे आले. 'प्रबलनाचे प्रकार' या पानावर माझ्या अंगठ्याची सावली अजून आहे.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत शाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून काम करते आणि इथल्या कम्युनिटी कॉलेजात हा विषय पूर्ण ऑनलाइन घेतला. तुमच्या तासांना निदान आवाज तरी होता. आमच्याकडे ठरलेल्या वेळेचा तासच नव्हता. दर आठवड्याला प्रकरण वाचायचे, चर्चाफलकावर आपले म्हणणे मांडायचे आणि दोन सहाध्यायांना उत्तरे द्यायची. ही दोन उत्तरे रविवारी रात्री कशी लिहिली जातात ते विचारू नका. "तुमचा मुद्दा मला फार आवडला" या वाक्यावर अर्धे सत्र पार पडले.

एका आठवड्यात मात्र फलकावर खरी वादावादी झाली. पाठ्यपुस्तकात स्पष्ट लिहिले होते, की कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी करून, आणि ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवले तर त्याला अधिक येते, या समजुतीला पुरेसा पुरावा नाही. हॅरल्ड पाश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन तोच निष्कर्ष काढला आहे. हे वाचून झाल्यावर वर्गातल्या बहुतेकांनी फलकावर लिहिले, "मी स्वतः पाहून शिकणारी आहे, त्यामुळे मला हे पटत नाही." आमच्या शाळेच्या भिंतीवरही त्या तीन शैलींचा तक्ता आहे. मी तो काढा असे अजून कोणाला सांगू शकलेले नाही, कारण तो मुख्याध्यापिकांनी स्वतः रंगवला आहे.

दुसरी गोष्ट उपयोगाची म्हणून लिहिते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला न पाहता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. मी हे वाचले त्या दिवसापासून पिवळी शाई फिरवणे बंद केले. सकाळी मुलांचे डबे भरताना आदल्या रात्रीचे प्रकरण मनात आठवायचे आणि जे आठवणार नाही तेवढेच बसमध्ये उघडून पाहायचे, असा क्रम ठेवला. त्रासदायक आहे, कारण आपल्याला काहीच येत नाही असे रोज सकाळी वाटते.

लातूरचे गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो. माझी नोकरी लागली तेव्हा टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या आमच्यासारख्यांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मी रात्री जेवणे झाल्यावर मोबाइलवर बालमानसशास्त्राच्या तासाला बसू लागलो. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने त्याच तासाला नाव घातले आहे. ती मला "सर, तुम्हीपण?" म्हणाली, त्यानंतर आम्ही दोघांनीही कॅमेरा बंद ठेवला.

१५० पैकी ३० गुण या विषयाला आहेत. त्यासाठी आम्हाला जोड्या पाठ करून घेतल्या जातात : कोहलर म्हणजे सुलतान नावाचे चिंपांझी, दोन काठ्या जोडून केळे आणि मर्मदृष्टी, म्हणजे उत्तर एकदम उमगणे; पावलोव्ह म्हणजे कुत्रा; थॉर्नडाइक म्हणजे मांजर; स्किनर म्हणजे उंदीर आणि कबुतर. पियाजे आणि वायगॉत्स्की या दोन्ही मानसशास्त्रज्ञांचा जन्म १८९६ चा, हेही एकदा ऐकले की विसरत नाही. या सगळ्या प्राणिसंग्रहालयात आमच्या वर्गातला मुलगा कुठे आहे, असे मी एकदा विचारले, तेव्हा तो प्रश्न अभ्यासक्रमात नसल्याचे सांगण्यात आले.

तरीही वायगॉत्स्कीने मला धरून ठेवले. जे मुलाला एकट्याला जमत नाही, पण जाणत्याच्या मदतीने जमते, त्या टप्प्यातच शिकवणे खरे कामी येते, असे तो सांगतो. आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीनंतर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्याजवळ बसणारी मुले त्यांना हातच्याची वजाबाकी ज्या भाषेत सांगतात, ती मला येत नाही. मी अशा जोड्या वर्षानुवर्षे लावत आलो. त्या कशामुळे चालतात ते त्या रात्री पहिल्यांदा कोणी तरी उलगडून सांगितले.

कडुलिंब

गुरुजी, कॅमेऱ्याचा प्रसंग वाचून हसू आले आणि वाईटही वाटले. त्या विद्यार्थिनीला पूर्वी आपण काय शिकवत होता?

लातूरचे गुरुजी

गणित. हातच्याची वजाबाकीसुद्धा.

बिनआवाजी

मी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला होतो, म्हणजे हा विषय शिकवत होतो. नावे लिहिलेल्या काळ्या चौकटींना प्रेरणा हे प्रकरण शिकवणे कसे असते, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. मेरी बड रो यांच्या संशोधनात असे आढळले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि ही प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर उत्तरे लांबतात व उत्तरच न येण्याचे प्रमाण घटते. हे शिकवायचे तर करूनच दाखवू, या विचाराने मी एक प्रश्न विचारला आणि थांबलो. लगेच संदेश येऊ लागले : "सर, आवाज येत नाही", "सर, तुम्ही अडकलात", "सर, पुन्हा जॉइन करा". दोघे तास सोडून पुन्हा आतही आले. प्रतीक्षेची उपयुक्तता त्या दिवशी कोणालाच पटली नाही.

पुढे मी उपाय काढला. प्रश्न विचारायचा आणि "आता मी गप्प बसतो आहे, प्रत्येकाने उत्तर लिहावे पण मी सांगेपर्यंत पाठवू नये" असे आधीच जाहीर करायचे. सर्वांची उत्तरे एकदमच पडद्यावर उमटली, की जे विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात शेवटच्या बाकावरून कधी तोंड उघडत नसत, त्यांचे लिहिलेले वाचायला मिळे. महाविद्यालय पुन्हा सुरू झाल्यावर तेवढी एक गोष्ट हातची गेली. आता तेच विद्यार्थी पुन्हा गप्प असतात आणि पहिल्या बाकावरचे दोघे बोलतात.

शेवंती

बिनआवाजी सर, चिठ्ठ्यांवर लिहून घेऊन पाहा. माझ्याकडे चौथीला चालते, बी.एड.ला का चालू नये?

बिनआवाजी

अवश्य पाहतो. एकच शंका आहे, की चिठ्ठीवर नाव लिहायला लावावे की नाही.

शेवंती

लावू नये. अक्षरावरून कळतेच.

हडसनकाठ

गुरुजी, तुमच्या जोड्यांसाठी आठवून लिहिण्याची पद्धत करून पाहा. नावे एका बाजूला, प्रयोग दुसऱ्या बाजूला, मधे घडी घातलेला कागद. एका दिवसाऐवजी दोन-तीन दिवस मधे सोडून पुन्हा पाहिले तर अधिक टिकते. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून असे अंतर ठेवून केलेल्या पाठांतराचे महत्त्व दाखवले होते. आपण पेपर एक देणार की दोन?

लातूरचे गुरुजी

पाचवी आहे, म्हणून पेपर एक. मुख्याध्यापक दोन्ही द्या म्हणतात. घडीचा कागद आज रात्री करतो. पत्नीला विचारायला बसवीन, तिला मांजर आणि थॉर्नडाइक आत्ताच माझ्याआधी येते.