सहा पाय, तरी कीटक नव्हे

‘सहा पाय असले की कीटकच’ असं सहज म्हटलं जातं, त्यात थोडी भर घालतो. स्प्रिंगटेल या ओल्या मातीतल्या इवल्याशा जिवाला सहा पाय असतात, तरी आजच्या वर्गीकरणात त्याला कीटकांत धरत नाहीत. मुख्य फरक तोंडात आहे. त्याचे जबडे डोक्याच्या आत दडलेले असतात, कीटकांचे बाहेर दिसतात. पोटाचे खंडही जेमतेम सहा. कुंडीतली ओली माती भिंगाखाली धरा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा हा जीव बोट जवळ नेलं की टुणकन उडतो. पोटाखाली दुमडून आकड्यात अडकवलेली दुबेळकी शेपटी सुटते, जमिनीवर आपटते आणि तो हवेत जातो. काय सुंदर यंत्रणा आहे ही! स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी इथे याचे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत.

पुस्तकांना लागणारी रुपेरी कसर मात्र कीटकच. तिच्या पूर्वजांनाही पंख नव्हते आणि पूर्ण वाढ झाल्यावरही ती कात टाकत राहते, हे पंखवाल्यांत सहसा होत नाही. पिसू आणि ऊ यांना मात्र तिच्या पंगतीला बसवू नका. त्यांच्या पूर्वजांना पंख होते. दुसऱ्याच्या अंगावर जगताना ते पंख नाहीसे झाले.