ग्रेज ॲनाटॉमीची चित्रं काढणारा माणूस साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता???

अजिंक्यतारा_पायथा
मंडळी, मुलगी एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे, सुट्टीत घरी आलीये आणि डायनिंग टेबलवर सीनियरकडून आणलेला हाडांचा सेट पसरलाय, तिची आई रोज ओरडते तो विषय वेगळा. तर काल जेवताना म्हणाली बाबा, ग्रेज ॲनाटॉमी या शरीररचनेच्या पुस्तकातली चित्रं ते लिहिणाऱ्या ग्रेने काढलीच नाहीत, दुसऱ्या एका डॉक्टरने काढली आणि तो नंतर आपल्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. मी म्हटलं फेकू नको. जन्मापासून साताऱ्यात आहे, सिव्हिलमध्ये टाके घालून घेतलेत, कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. खरंय का हे? आणि अजून एक. पोरीचा हात चांगलाय, एलिमेंटरी इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, पण आता डॉक्टरकी करायची तर तो नाद कशाला असं मी म्हणतो आणि त्यावरून रोज वाद. काय वाटतं?

फॉर्मॅलिनचा_वास
काका पोरगी बरोबर आहे, द्या तिला एक पेढा. हेन्री व्हॅनडाइक कार्टर नाव त्याचं, जन्म 1831, वडील स्कारबरोचे जलरंग चित्रकार, भाऊपण चित्रकार, म्हणजे घरातच रंग सांडलेले. हा डॉक्टर झाला आणि लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये ग्रेबरोबर दीडेक वर्ष डिसेक्शन (मृतदेह चिरून अभ्यास) करून 363 चित्रं काढली. पुस्तक आलं 1858 ला, तोवर हा बोटीत बसून मुंबईत. ग्रँट मेडिकलला ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवायचा, जेजे हॉस्पिटलला असिस्टंट सर्जन, आणि मग 1863 ते 1872 साताऱ्याला सिव्हिल सर्जन. शेवटी ग्रँट मेडिकलचा प्रिन्सिपॉलपण झाला.

आता खरी गंमत ऐका. ग्रेला दर हजार प्रतींमागे 150 पौंड, कार्टरला एकदाच 150 पौंड आणि विषय संपला. वर आणि प्रुफं आली तेव्हा दोघांची नावं सारख्या टायपात होती ती ग्रेने स्वतः खूण करून कार्टरचं बारीक करायला लावलं!! छापलेल्या पहिल्या पानावर कार्टर म्हणजे सेंट जॉर्जेसचा माजी डेमॉन्स्ट्रेटर, मुंबईच्या प्रोफेसरकीचा उल्लेखच नाही. ग्रे पुढे तीनच वर्षांत देवीच्या रोगाने गेला, 34 वर्षांचा. पण नाव त्याचंच राहिलं.

लाकडी_ठसा
मी डॉक्टर नाही, प्रिंटमेकिंगवाला. कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, ही चित्रं कागदावर काढून मग कोणीतरी ट्रेस केली असं नव्हतं, कार्टरने ती थेट बॉक्सवुडच्या म्हणजे कडक लाकडाच्या ठोकळ्यावर काढली, तीही उलटी, कारण छापताना डावं उजवं होतं. आता विचार करा, मृतदेहाची डावी बाजू बघायची, ती डोक्यात आरशासारखी फिरवायची, आणि लिव्हर भलत्या बाजूला गेलं तर पुढची पिढी चुकीचं शिकणार. मी साधं स्वतःचं नाव उलटं काढताना अजून चुकतो. मग कोरणारे आले, ते वेगळे कारागीर. नावंसुद्धा त्या त्या स्नायूवर, शिरेवर लिहिलेली, आधीच्या पुस्तकांसारखं क आणि ख बघून खाली यादीत शोधायचं नाही. हे डोकं अशाच माणसाचं चालू शकतं ज्याने स्वतः परीक्षा दिलीये आणि स्वतः चित्रही काढलंय. (आणि जेजे स्कूल ऑफ आर्ट 1857 चं, म्हणजे कार्टर आला त्याच्या आदल्याच वर्षीचं, एवढाच आमचा संबंध, पण मला फार आवडतो 😄)

ओपीडी_ते_घर
मी तालुक्याच्या गावी सर्जरी करतो. साताऱ्याचा हा कार्टर म्हटल्यावर मला पेशंटचा पाय आठवतो. अनवाणी शेतात काम करणारा, कधीतरी काटा रुतलेला, पाय हळूहळू सुजतो, फारसा दुखत नाही म्हणून दोन-चार वर्षं कोणी येत नाही, मग भोकं पडतात आणि त्यातून दाणे येतात, काळे, पांढरे, पिवळे. मायसेटोमा. हा शब्द कार्टरनेच 1860 ला दिला, बुरशीचा रोग आहे हे त्याने मांडलं, 1874 ला त्यावर पुस्तक काढलं तेही स्वतःच्या चित्रांसकट. आणि इथे रंग म्हणजे नुसती सजावट नाही हो, काळे दाणे म्हणजे जवळपास नक्की बुरशी, पिवळे किंवा लाल दिसले तर बॅक्टेरिया असण्याची शक्यता जास्त, आणि दोघांची औषधं वेगळी. आजही आम्ही ड्रेसिंगच्या गॉजवर तेच बघतो. तेव्हा काका, पोरीला थांबवू नका, मी स्वतः पेशंटला हर्निया प्रिस्क्रिप्शनच्या मागे काढून दाखवतो आणि माझी चित्रं बघून लोक घाबरतात, बरा हात असता तर दोन ऑपरेशनं जास्त झाली असती 😅

चहाशिवाय_नाही
सगळं छान, पण ते मृतदेह कोणाचे होते तेही बोला. 1832 च्या कायद्याने लंडनच्या वर्कहाउसमधले (निराधारांना ठेवायची जागा) बेवारस गरीब मेल्यावर थेट डिसेक्शनच्या टेबलावर यायचे. कार्टरचं नाव बारीक टायपात तरी आहे, त्यांचं कुठेच नाही. चित्रातले चेहरे बघा, कसे शांत झोपल्यासारखे, मला ते बघवत नाहीत.

फॉर्मॅलिनचा_वास
@चहाशिवाय_नाही मान्य. आमच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी देहदान करणाऱ्यांना नमस्कार करून सुरुवात व्हायची, पण बेवारसही होतेच.

अजिंक्यतारा_पायथा
सगळ्यांचे आभार. रात्री धागा तिला वाचून दाखवला, बारीक टायपाचं ऐकून माझ्यापेक्षा तीच जास्त चिडली, बेवारसांचं वाचल्यावर मात्र दोघंही गप्प झालो. आज सकाळी सिव्हिलवरून गेलो तर उगाचच गाडी स्लो केली, आत काय दिसणार म्हणा, दीडशे वर्षं झाली. तिला विचारलं कुठल्या पेन्सिली आणू, तर म्हणे आधी जर्नल पूर्ण करू दे, शनिवारी सबमिशन आहे, आणि ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) तिसऱ्यांदा खोडलाय. ओपीडीवाले डॉक्टर, तो काढायची काही सोपी युक्ती आहे का?

ओपीडी_ते_घर
आधी पाच मुळं, मग तीन ट्रंक, फाटे शेवटी. आणि खोडरबर चांगला घ्या.