आजोबांच्या ट्रंकेतील युद्धकालीन व्यंगचित्रे : विकावीत, जपावीत की परदेशी पाठवावीत?

प्रश्न : साताऱ्याचा नातू

नमस्कार.

माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये हवालदार-क्लार्क होते आणि १९४४ व १९४५ ही दोन्ही वर्षे त्यांनी इटलीत काढली. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. आजोबा स्वतः लढाईविषयी फारसे बोलत नसत. गेल्या दिवाळीआधी जुने घर रिकामे करताना त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा पदके आणि पगारपुस्तक यांच्याखाली जे निघाले त्याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

त्यात अमेरिकी सैनिकांच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या वृत्तपत्राचे अकरा अंक, ब्रिटिश सैनिकांच्या ‘युनियन जॅक’चे सहा अंक आणि एक जाड रजिस्टर आहे. रजिस्टरमध्ये सुमारे चाळीस व्यंगचित्रांची कात्रणे खळीने चिकटवलेली असून त्यांच्या कडेला आजोबांच्या हातच्या मोडी लिपीतील नोंदी आहेत. शेवटच्या पानात एक सुटा कागद मिळाला. लष्करी निरोपाच्या छापील फॉर्मच्या पाठीमागे काळ्या शाईत दोन मिशाळ अधिकारी जीपमध्ये बसलेले दाखवले आहेत, आणि जीपच्या मागच्या भागात फेटा बांधलेला एक हवालदार टंकलेखन यंत्र मांडीवर घेऊन बसला आहे. तो हवालदार म्हणजे आजोबाच, याविषयी घरात कोणालाही शंका नाही. खाली केवळ ‘एच. डब्ल्यू.’ अशी आद्याक्षरे आहेत.

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून पंधरा हजार रुपये देऊ केले. कात्रणे सुटी करून दिली तर आणखी दोन हजार देतो, असेही तो म्हणाला. दुसरीकडे माझ्या भाच्याने इंटरनेटवर कोट्यवधी रुपयांना विकल्या गेलेल्या युद्धकालीन कॉमिकविषयी वाचले आहे आणि तो आम्हाला काहीही विकू देत नाही. हे चित्र एखाद्या प्रसिद्ध व्यंगचित्रकाराचे मूळ चित्र असू शकेल का? विकायचेच ठरवले तर ते परदेशातील खरेदीदाराला टपालाने पाठवता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : कागदकीटक

सर्वप्रथम कात्रणे सुटी करू नका. व्यापाऱ्याने वरचे दोन हजार कशासाठी देऊ केले, हे उघड आहे: चाळीस कात्रणे चाळीस चौकटींत घालून चाळीस भिंतींसाठी विकता येतात. त्यात मोडीतील नोंदी कापल्या जातील, खळीचा थर निघताना कागद फाटेल आणि तुमच्याकडे जे एकमेव आहे तेच नाहीसे होईल. छापील व्यंगचित्र हजारो प्रतींत निघाले होते. आजोबांची नोंद एकाच प्रतीत आहे.

आता मूळ चित्र आणि छापील चित्र यांतील फरकाविषयी. छायाचित्रे छापताना हाफटोनचे, म्हणजे फिक्यागडद छटा दाखवणारे बारीक, ठिपके येतात हे बहुतेकांना ठाऊक असते, आणि म्हणून ठिपके दिसले नाहीत की लोक ‘मूळ’ म्हणून मोकळे होतात. येथेच फसगत होते. त्या काळी रेषाचित्रे जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून, म्हणजे रेषा उठावात असलेल्या ठशावरून, छापली जात आणि अशा छपाईत ठिपके नसतातच. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन रेषेची कड पाहा. ब्लॉकच्या दाबाने शाई कडेला सरकून तेथे बारीक गडद किनार तयार होते, रेषेचा काळेपणा सर्वत्र सारखा असतो आणि कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरला तर अनेकदा दाबाचे उठाव दिसतात. हाताने काढलेल्या रेषेत शाई कमीअधिक होते, टाक उचलला तेथे टोक निमुळते होते आणि दोन रेषा एकमेकींना छेदतात तेथे शाईवर शाई चढलेली दिसते.

छपाईसाठी काढलेल्या मूळ चित्राच्या आणखीही खुणा असतात. ते छापील आकारापेक्षा बहुधा मोठे आणि जाड कार्डावर असते, खाली पेन्सिलीचा कच्चा आराखडा उरलेला असतो, चुकलेली रेष पांढऱ्या रंगाने झाकलेली असते आणि समासात किती स्तंभांत बसवायचे याची संपादकाची सूचना असते. यांपैकी काहीही तुमच्या वर्णनात नाही. निरोपाच्या फॉर्मवरचे चित्र हाताने काढलेले असेलही, परंतु ते छापण्यासाठी काढलेले दिसत नाही.

जपणुकीविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण विकण्याआधीच वस्तू खराब होण्याचा धोका मोठा आहे. वृत्तपत्राचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन हा लाकडातला घटक उजेडाने व हवेने पिवळे पडते, आम्ल वाढते आणि कागद घडीवर तुटू लागतो. त्यामुळे अंक घडी उघडून, सपाट, आम्लमुक्त कागदाच्या घडीत, अंधारात ठेवावेत. सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वडिलांची युद्धातली पत्रे ‘कायमची टिकावीत’ म्हणून लॅमिनेट केली. आता ती सोडवणे कोणाच्याही हातात नाही. साताऱ्याच्या पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा आणि लोखंडी ट्रंक पुन्हा वापरणार असाल तर आत गंज आहे का, ते आधी पाहा. रजिस्टरच्या खळीवर कसर येते, तेव्हा ते इतर अंकांपासून वेगळे ठेवणे बरे.

प्रतिसाद : टेम्सकाठचा

गेली काही वर्षे मी येथे, इंग्लंडमध्ये, युद्धकालीन व्यंगचित्रांचे छोटेसे संकलन करतो, म्हणून बाजाराविषयी लिहितो.

तुमच्या भाच्याने वाचले ते बहुधा ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाविषयी असावे. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या त्या अंकावर मार्च १९४१ असे छापलेले असले तरी तो डिसेंबर १९४० मध्येच विक्रीला आला होता. म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या सुमारे वर्षभर आधी त्याच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा बसला होता. त्याची एक प्रत एप्रिल २०२२ मध्ये ३१ लाख २० हजार डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २४ कोटी रुपयांना लिलावात गेली. मात्र त्या प्रतीला तिच्या स्थितीसाठी दहापैकी ९.४ गुण मिळालेले होते. ऐंशी वर्षे जवळजवळ कोणीही न हाताळलेली अशी प्रत मिळणे किती कठीण, हे समजण्यासाठी एवढे लक्षात घ्यावे की युद्धकाळात अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा चालत आणि मुलांनी आपली कॉमिक्स त्यांत दिली. जी उरली ती वाचून चोळामोळा झालेली.

त्याउलट लष्करी वृत्तपत्रे सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेली. ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’मधील बिल मॉल्डिन यांचे विली आणि जो हे दाढी वाढलेले, चिखलाने माखलेले दोन शिपाई जगप्रसिद्ध झाले, त्या कामासाठी मॉल्डिन यांना १९४५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण त्यांच्या चित्राचा छापील अंक आणि त्यांच्या हातचे मूळ चित्र यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूळ चित्रांचा मोठा संग्रह ओक्लाहोमा सिटीतील ४५व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या संग्रहालयात आहे आणि बाजारात क्वचितच एखादे येते. पहिल्या महायुद्धातही हेच झाले. ब्रिटिश व्यंगचित्रकार ब्रूस बेर्न्सफादर यांचा ‘ओल्ड बिल’ हा खंदकातला शिपाई इतका लोकप्रिय झाला की त्याची पुस्तके, पोस्टकार्डे, मोटारीच्या बॉनेटवर बसवायचे पितळी मुखवटे, इतकेच काय, चिनीमातीची ताटेसुद्धा निघाली. स्टॅफर्डशरच्या ग्रिमवेड्स कारखान्यातील त्या ताटांच्या तळाशी, मुले खंदकात असताना १९१७ च्या हिवाळ्यात मुलींनी हे बनवले, अशा आशयाचा मजकूर आहे. मला ती ताटे फार आवडतात, पण ती दुर्मीळ नाहीत आणि विक्रेत्याने ‘अतिदुर्मीळ’ म्हटले की मी पुढच्या दुकानात जातो.

आता तुमचे चित्र. जीपमधले दोन मिशाळ अधिकारी म्हणजे ‘टू टाइप्स’ या व्यंगचित्रमालिकेतली जोडी. विल्यम जॉन फिलपिन जोन्स हे ‘जॉन’ या सहीने ती मालिका काढत आणि ती इटलीतील ब्रिटिश लष्करी वृत्तपत्रांतून गाजली. आफ्रिकेच्या वाळवंटात लढून आलेले, कॉर्डुरॉयच्या विजारी आणि नरम चामड्याचे बूट घालून गणवेशाचे सारे नियम धाब्यावर बसवणारे ते दोन अधिकारी प्रत्येक सैनिकाने पाहिलेले होते, आणि हात चालणाऱ्या प्रत्येकाने त्यांची नक्कल केली. ‘एच. डब्ल्यू.’ हा असाच कोणी हौशी सैनिक असणार. ते चित्र ‘जॉन’ यांचे म्हणून कृपया विकू नका आणि कोणाला विकूही देऊ नका. ‘त्या धर्तीचे, अज्ञात सैनिकाने काढलेले, हवालदाराच्या कुटुंबातून आलेले’ एवढेच प्रामाणिक वर्णन लिहावे. माझ्यासारख्याला खोट्या सहीपेक्षा हे वर्णन अधिक मोलाचे वाटते, कारण इंग्रजी मालिकेतल्या जीपमध्ये मराठी हवालदार बसवलेले दुसरे चित्र मी आजवर पाहिलेले नाही.

प्रतिसाद : कायद्याचा किस

परदेशी पाठवण्याच्या विचाराला येथेच थांबवावे, असे मी सुचवीन.

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यात शंभर वर्षे जुन्या वस्तूंना पुरावशेष म्हटले आहे, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु हस्तलिखित, अभिलेख किंवा ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय अथवा सौंदर्यदृष्ट्या मोलाचा अन्य दस्तऐवज असेल, तर ती मर्यादा केवळ पंचाहत्तर वर्षांची आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९४४ मधील मोडी नोंदींचे रजिस्टर ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेले आहे. पुरावशेषाची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांनाच करता येते; खासगी व्यक्तीने केल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. सुटे छापील अंक या व्याख्येत येतात की नाही, यावर वाद घालता येईल, पण तो वाद सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर घालण्यात शहाणपण नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तरच पुढचे पाऊल टाकावे.

देशांतर्गत विक्रीला अशी बंदी नाही. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. घरातील वस्तू एकदाच विकणारा मनुष्य व्यापारी ठरत नाही, असे माझे मत आहे. मात्र तुमच्या त्या खरेदीदाराकडे परवाना आहे का, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि त्याचे उत्तर ऐकण्यासारखे असेल.

एक उपप्रश्न कोणी विचारला नाही, तरी सांगतो. कागद तुमचा असला म्हणून चित्राचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) तुमचा होत नाही. मॉल्डिन २००३ मध्ये वारले आणि आपल्याकडे हा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे अंक विकणे निराळे आणि त्यातील विली-जो टी-शर्टवर छापून विकणे निराळे.

प्रतिसाद : बेळगावकर

विकण्याची खरोखर निकड आहे का, हा प्रश्न मला आधी पडला. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे आणि तेथे रेजिमेंटचे संग्रहालयही आहे. तुमच्या रजिस्टरची जागा तेथेच आहे, असे मला वाटते. पैशांचा विचार करणे गैर नव्हे. परंतु ‘युनियन जॅक’चे सहा अंक विकावेत आणि रजिस्टर व चित्र रेजिमेंटला द्यावे, असा मधला मार्गही निघू शकतो.

प्रतिसाद : टेम्सकाठचा

बेळगावकर यांच्याशी अर्धाच सहमत आहे. संग्रह फोडायचाच असेल तर आधी संपूर्ण संग्रहाची, प्रत्येक पानाची, उजव्या-डाव्या बाजूंसह छायाचित्रे काढा आणि काय कोठे गेले याची यादी ठेवा. देणगी देतानाही लेखी पोच घ्या. संग्रहालयांच्या कपाटात जाऊन हरवलेल्या वस्तूंची संख्या व्यापाऱ्यांनी पळवलेल्यांहून कमी नसावी, असा माझा संशय आहे.

प्रतिसाद : साताऱ्याचा नातू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंग आणून पाहिले. कात्रणांच्या रेषांना कागदकीटक म्हणतात तशी गडद किनार आहे. जीपच्या चित्रात ती नाही, आणि हवालदाराच्या फेट्यावर शाई दोनदा फिरलेली स्पष्ट दिसते. म्हणजे हाताने काढलेले आहे, पण ‘जॉन’ यांचे नाही, हे आम्ही आता मान्य केले आहे. भाचा थोडा हिरमुसला.

परवान्याविषयी विचारल्यापासून त्या व्यापाऱ्याने दूरध्वनी केलेला नाही.

मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना काल रजिस्टर दाखवले. त्यांनी पहिली सहा पाने वाचून दिली. विली आणि जो पावसात खड्ड्यात बसले आहेत अशा एका कात्रणाच्या कडेला आजोबांनी लिहिले आहे, ‘यांचाही चहा गार झालेला दिसतो.’ उरलेली पाने वाचून होईपर्यंत काहीच विकायचे नाही, असे आईने सांगितले आहे.

प्रतिसाद : कागदकीटक

उत्तम. वाचन करताना पाने दर वेळी हाताळू नका. छायाचित्रांवरूनच वाचून घ्या. आणि त्या सुट्या चित्राला रजिस्टरच्या आम्लयुक्त पानांत परत ठेवू नका, वेगळ्या घडीत ठेवा. परंतु ते कोणत्या पानात सापडले, ते त्या घडीवर पेन्सिलीने लिहून ठेवा.