उबुंटू २६.०४ येण्याच्या तोंडावर पोस्टग्रेस आधी बदलावे की नंतर?

प्रश्न
आमच्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद-नोंद आणि पुस्तकांची देवघेव उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमची २२.०४ ही आवृत्ती असलेल्या एकाच सर्व्हरवर चालते. डेटाबेस तिच्यासोबत आलेला पोस्टग्रेस १४ आहे. येत्या एप्रिलमध्ये २६.०४ येणार असल्याने सिस्टीम आणि डेटाबेस बदलण्याची दोन्ही कामे तेव्हाच उरकावीत, म्हणजे सर्व्हर एकदाच बंद ठेवावा लागेल, असे कार्यकारिणीचे मत आहे. परंतु पोस्टग्रेस १४ ला दुरुस्त्या मिळण्याची मुदत १२ नोव्हेंबर २०२६ रोजी संपते आणि त्याच आठवड्यात दिवाळी आहे. दिवाळी अंकांच्या योजनेमुळे त्या दिवसांत आम्हाला तासभरही खंड परवडत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
दोन्ही कामे एकत्र करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. मुळात २२.०४ वरून थेट २६.०४ वर जाता येत नाही, मध्ये २४.०४ घ्यावीच लागते. शिवाय एका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याची सूचना सहसा पहिली दुरुस्त आवृत्ती आल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास मिळते. तोवर आपला मोसम दाराशी आलेला असेल.

मार्चअखेरचे हिशेब संपले की आहे त्याच सिस्टीमवर, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भांडारातून (सॉफ्टवेअर उतरवून घेण्याच्या स्रोतातून), फक्त डेटाबेस बदलावा. या क्रमाला सबळ कारण आहे. मजकुराचा अकारविल्हे क्रम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमसोबत येणाऱ्या ग्लिबसी या लायब्ररीकडून घेतो. २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ आली तेव्हा हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले आणि अनेकांचे जुने इंडेक्स (झटपट शोधासाठी डेटाबेसने बांधलेल्या सूच्या) नव्या क्रमाशी जुळेनासे झाले. अशा वेळी ‘देशपांडे’ तक्त्यात असूनही शोधात सापडत नाहीत, किंवा एकच सभासद दोनदा नोंदवला जातो, आणि कोणतीही त्रुटी पडद्यावर दिसत नाही. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस त्या नियमांची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती बदलल्यास इशारा देतो. १४ मध्ये ही सोय नाही. म्हणून आधी डेटाबेस, मग सिस्टीम, आणि सिस्टीम बदलल्यावर लगेच मजकुराचे सर्व इंडेक्स पुन्हा बांधावेत.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. पोस्टग्रेस १७ घ्यावे की १८, हेही आताच ठरवा. १८ मध्ये नवा क्लस्टर (पोस्टग्रेसचा सगळा डेटा ठेवणारा संच) तयार होताना चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते ओळखणारे पडताळणी-आकडे, आपोआप सुरू असतात. जुन्यात ते बंद असतील तर पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलण्याचे साधन पुढे जात नाही, त्यामुळे नवा क्लस्टर त्यांच्याविना तयार करावा लागतो. उलट १७ घेतल्यास शोध वेगाने कसा घ्यावा हे ठरवण्यासाठी डेटाबेस वापरतो ती आकडेवारी सोबत येत नाही, म्हणून ती नव्याने गोळा करणारी अ‍ॅनालाइझ ही आज्ञा चालवल्याशिवाय वाचकांसाठी काउंटर उघडू नये. तसेच उबुंटू बदलताना बाहेरची भांडारे आपोआप बंद केली जातात. पोस्टग्रेसचे भांडार नव्या आवृत्तीच्या नावाने पुन्हा सुरू करायला विसरू नका.

उत्तर ३
माझे मत थोडे वेगळे आहे. एखादा जास्तीचा संगणक मिळत असेल, तर त्यावर आजच कोरी २४.०४ आणि नवा पोस्टग्रेस बसवून डम्पमधून (जुन्या डेटाबेसच्या फाइलरूपी प्रतीतून) डेटा भरावा. डम्प भरताना इंडेक्स नव्यानेच बांधले जातात, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच उरत नाही, आणि जुना सर्व्हर जसाच्या तसा हाताशी राहतो. वाचनालयाचा डेटा सहसा फार मोठा नसतो. एखाद्या सुट्टीच्या दिवशी रंगीत तालीम करून किती वेळ लागतो ते मोजा आणि तो आकडाच कार्यकारिणीपुढे ठेवा. २४.०४ ला २०२९ पर्यंत आधार आहे, तेव्हा २६.०४ साठी यंदा घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.