शब्दचर्चा: 'संदर्भ चौकट' म्हणजे नक्की काय?

भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्याच धड्यात 'संदर्भ चौकट' (frame of reference) येते. चौकट म्हटलं की दार नाहीतर फोटो डोळ्यांपुढे येतो. त्यापेक्षा सरळ 'दृष्टिकोन' का म्हणू नये? कोण कुठून बघतंय एवढाच तर प्रश्न आहे ना?

— 'दृष्टिकोन' अजिबात नको, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. धावत्या गाडीत एक जण खिडकीशी बसलाय, दुसरा पलीकडच्या टोकाला. दोघांना दिसतं वेगवेगळं, पण चौकट एकच, कारण दोघेही गाडीच्या सापेक्ष स्थिर. उलट फलाटावरचा माणूस खिडकीपासून हातभर अंतरावर असला तरी त्याची चौकट वेगळी. कुठे आहात याला महत्त्व नाही, कशाच्या सापेक्ष स्थिर आहात याला आहे. एखाद्या वस्तूला जखडलेले तीन अक्ष आणि एक घड्याळ, झाली चौकट. बघणारा कुणी नसला तरी चालतं.

— मग 'निर्देशक पद्धती' म्हणा की! आरंभबिंदू आणि अक्ष धरून जागा आकड्यांत सांगायची, तीच ना?

— तीही नाही. फलाटावरचा आरंभबिंदू दहा मीटर सरकवा, अक्ष तिरके करा, कार्तीय (x, y) सोडून ध्रुवीय (अंतर आणि कोन) निर्देशक घ्या. चौकट फलाटाचीच राहते. मला स्वतःला 'संदर्भव्यूह' जास्त आवडतो, पण रुळलाय 'चौकट', तर असू द्या.

— बरं, मग लिहायचं कसं? 'फलाटाच्या दृष्टीने वेग' की 'फलाटाच्या सापेक्ष वेग'? आणि खरा वेग कुठला मानायचा?

— 'सापेक्ष'च. 'दृष्टीने' म्हटलं की वेग हा नजरेचा भास वाटायला लागतो. आणि 'खरा वेग' हा शब्दप्रयोग टाकूनच द्या. गाडी ताशी 72 किमी, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने जातेय. डब्यात 60 किलोचा माणूस सेकंदाला 1 मीटर वेगाने मागे चालतोय. गाडीच्या चौकटीत त्याची गतिज ऊर्जा (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग) 30 ज्यूल. फलाटाच्या चौकटीत वेग 19, ऊर्जा 10,830 ज्यूल. दोन्ही उत्तरं बरोबर. चुकतं ते चौकट न सांगता नुसता आकडा लिहिणारं.

'आभासी बल' हा शब्दही असाच फसवा. ब्रेक लागला की डब्यातली बाटली पुढे घरंगळते. फलाटाच्या चौकटीत ती फक्त आपला आधीचा वेग टिकवू बघतेय. गाडीची चौकट मात्र त्या वेळी अजडत्वीय, म्हणजे स्वतःच त्वरण असलेली. तिथे न्यूटनचा दुसरा नियम (बल = वस्तुमान × त्वरण) वापरायचा तर एक जादा बल धरावं लागतं, आणि ते लावणारी वस्तू दाखवता येत नाही. 'आभासी' ते एवढ्याच अर्थाने. बाटलीचं घरंगळणं काही भास नाही.

— मग फलाटाची चौकट तरी जडत्वीय, म्हणजे त्वरण नसलेली, कशी? पृथ्वी फिरतेच की.

— काटेकोर बोलायचं तर नाहीच. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फुकोने 1851 मध्ये पॅरिसमध्ये लंबक टांगून तेच दाखवलं: त्याच्या झोक्याचं प्रतल हळूहळू वळत गेलं. पण बाटलीच्या गणितात तो परिणाम इतका किरकोळ की सोडून देतात. उत्तरात 'जमिनीची चौकट जडत्वीय मानून' असं लिहा, म्हणजे झालं.