गजानन महाराजांच्या फोटोमागून इंग्रजांचा राजा निघाला. हा नेमका कोण?

महालचा_नातू

नमस्कार मंडळी. नागपुरात महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं करून राहिलो आहे. भिंती ओलावल्या, माळा वाकला, शेवटी बिल्डरला दिलं. देवघर आईने स्वतः आवरायला घेतलं, कोणाला हात लावू दिला नाही. त्यात शेगावच्या गजानन महाराजांचा एक मोठा फोटो आहे. सागवानी फ्रेम, चांगली चार बोटं रुंद. मला कळतं तेव्हापासून तो त्याच जागी आहे.

उतरवताना सुतळी तुटली. फ्रेम खाली आली आणि काच तडकली. आईच्या तोंडचं पाणी पळालं, मी तुकडे वेचायला बसलो. महाराजांचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता, त्याच्या आड दुसरं चित्र दिसलं. हळूच उचलून पाहतो तर काय, दाढीवाला गोरा साहेब! खांद्यावरून पांढऱ्या फरचा झगा, छातीवर पदकं, गळ्यात जाडजूड साखळी. मुकुट डोक्यावर नाही, बाजूला उशीवर ठेवलेला.

आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. माझा अंदाज असा की तेव्हा साहेबाच्या राज्यात घरी राजाचं चित्र लावलं असेल, आणि स्वातंत्र्यानंतर एवढी चांगली फ्रेम कायले फेकायची म्हणून त्यावरच महाराज बसवले. म्हणजे आमची आई पन्नास वर्षं रोज सकाळी दोघांनाही उदबत्ती ओवाळत होती. हे तिला सांगितलं तर आधी हसली, मग रागावली, मग म्हणाली, "कोण आहे तो, ते तरी काढ शोधून."

अडचण अशी की खाली इंग्रजीत नाव छापलेलं आहे, पण फ्रेमवाल्याने कागद कापलेला दिसतो. शेवटचं एक रोमन 'व्ही' अक्षर उरलंय, तेही काठावर. आता 'व्ही' म्हणजे पाचवा, की पुढचं कापलं गेलेला सहावा किंवा सातवा? जाणकारांनी सांगावं. नागपुरात या राजांच्या आणखी काय काय खुणा राहिल्यात तेही वाचायला आवडेल.

खरं_बोलू

गुलामीची निशाणी आहे, रद्दीत द्या. फ्रेम ठेवा.

कलदार६५

रद्दीत देऊ नका हो लगेच. आधी राजा तर ओळखू.

दाढी आहे म्हणता ना, मग काम सोपं झालं. सहावा जॉर्ज सफाचट, तो बाद. आठवा एडवर्डही सफाचट, आणि तो १९३६ मध्ये वर्षभरसुद्धा टिकला नाही. आपल्या सरकारी टांकसाळीतून त्याच्या तोंडाचा रुपया निघालाच नाही. कच्छच्या संस्थानाने मात्र त्याच्या नावाची कोरी (तिकडचं नाणं) पाडली, ती मिळाली तर मला कळवा! तर उरले दोन दाढीवाले, सातवा एडवर्ड आणि त्याचा मुलगा पंचम जॉर्ज.

एडवर्ड गादीवर आला १९०१ मध्ये, तेव्हाच साठीला टेकलेला. पोट सुटलेलं, समोरचे केस गेलेले, दाढी पिकलेली. जॉर्ज १९१० मध्ये आला तेव्हा पंचेचाळिशीत होता. अंगाने सडपातळ, केस शाबूत, भांग पाडलेला, दाढी नीट कातरलेली. तुमचा साहेब कसा दिसतो?

आणि एक सांगतो. तुमच्या घरी लक्ष्मीपूजनाला ठेवायचा चांदीचा रुपया असेलच. तो काढा. राणीछाप नसला तर राजाछाप असेल. चेहरा डावीकडे पाहतोय आणि डोक्यावर मुकुट आहे तर तो पंचम जॉर्ज. उजवीकडे पाहतोय आणि डोकं उघडं, तर एडवर्ड. चित्र आणि नाणं शेजारी ठेवून बघा. तेव्हा सामान्य माणसाला राजा ठाऊक होता तो रुपयावरचाच. पुतळे शहरात, तैलचित्रं कचेरीत, पण रुपया खेड्यातल्या बाजारातही चालायचा. वजन बरोबर एक तोळा, म्हणून सोनार तोच तराजूत टाकायचे.

जॉर्जच्या रुपयाची एक गंमतही आहे. १९११ च्या रुपयावर त्याच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोंबाबोंब झाली, सरकारने नाणी परत घेतली, आणि १९१२ पासून हत्तीला धड सोंड मिळाली. त्या डुक्कर रुपयाला आज आम्ही नाणीवाले जीव टाकतो. तुमच्याकडच्या रुपयावर १९११ असेल तर आईंना सांगा, यंदा हळद-कुंकू जरा बेताने.

महालचा_नातू

कलदार भाऊ, देवघराच्या डब्यातून रुपया काढला. १९१९ चा आहे, म्हणजे डुक्कर नाही. हळदीने इतका माखलाय की राजाच्या दाढीत कुंकू बसलंय. तोंड डावीकडे, डोक्यावर मुकुट. चित्रातला माणूस बारीक आहे, भांग आहे, नाकही रुपयासारखंच सरळ. म्हणजे पंचम जॉर्ज, बरोबर?

आईचा पुढचा प्रश्न: "मग दिवाळीत मी याचीही पूजा करत होती काय?"

ब्रश_आणि_वॉर्निश

वर्णनावरून जॉर्जच. सर ल्यूक फिल्ड्स नावाच्या चित्रकाराने सातव्या एडवर्डचं राज्याभिषेकाच्या पोशाखातलं दरबारी चित्र केलं होतं, पुढे पंचम जॉर्जचंही त्यानेच केलं. एक मूळ चित्र, त्यावरून हाताने केलेल्या नकला साम्राज्यभर सरकारी इमारतींत जायच्या, आणि त्याखाली छापील कागद घरोघर. उभा राजा, फरचा झगा, उशीवर मुकुट, हा सगळा साचा ठरलेला. माणूस बदलला तरी झगा तोच.

मुकुटावरून आठवलं. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारासाठी जॉर्जला वेगळा मुकुट करावा लागला, कारण राज्याभिषेकाचा मुकुट इंग्लंडबाहेर नेता येत नाही. गॅरार्ड या सराफांनी तो घडवला, सहा हजारांवर हिरे. तो डोक्यावर चढला फक्त त्या एका दिवशी. साडेतीन तास घालून डोकं दुखलं, असं त्याने स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलंय. मुकुट आता लंडनच्या टॉवरमध्ये.

आता कामाचं. कृपा करून ओल्या फडक्याने पुसू नका. महाराजांचा कागद खळीने चिकटवला असेल, तो ओढलात तर दोन्ही चित्रांची सालं निघतील. जेवढा सुटलाय तेवढाच सुटू द्या. मागची फळी काढून कागद सपाट ठेवा. कसर लागली आहे का पाहा, लागली असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झटका. आणि काठ नीट तपासा. जुने फ्रेमवाले बऱ्याचदा कागद कापत नाहीत, मागे दुमडतात.

तात्या_धरमपेठ

पोरा, नागपुरातल्या खुणा विचारल्यास ना, ऐक. सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेला आहेस का कधी? लष्कराकडे आहे, एरवी जाऊ देत नाहीत. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, या तीन दिवशी उघडतो. हा तुझा जॉर्ज आणि राणी मेरी दरबाराच्या त्या दौऱ्यात नागपुरात उतरले होते आणि किल्ल्यावरून त्यांनी लोकांना दर्शन दिलं. त्याचा खांब आहे वर. ज्या टेकडीवर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज भिडले, नेमकी तीच टेकडी निवडली पठ्ठ्यांनी! मी पोरगा असताना बापाच्या खांद्यावर बसून तो खांब पाहिला. बाप म्हणाला, "राजा इथं उभा होता." मी विचारलं, "भोसले राजे का?" बाप काहीच बोलला नाही.

दुसरी खूण एम्प्रेस मिल. राजाची नाही, त्याच्या आजीची. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी इथे गिरणी सुरू केली, म्हणून नाव एम्प्रेस. आमच्या गल्लीतली अर्धी माणसं त्या गिरणीत होती. भोंगा झाला की आई कणीक तिंबायला घ्यायची. त्यातल्या कोणाला विचारलं असतं एम्प्रेस म्हणजे काय, तर म्हणाले असते, "म्हणजे मिल." आता तिथे मॉल आहे, त्याच्याही नावात एम्प्रेस आहेच.

अमरावतीचं व्हीएमव्ही, म्हणजे विदर्भ महाविद्यालय, माहीत आहे ना? १९२३ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं नाव किंग एडवर्ड कॉलेज. आज तिथल्या पोरांना एडवर्ड म्हटलं तर पाव-बिस्किटाचा ब्रँड वाटेल.

सीताबर्डी_सोडून_परळ

तात्या, एडवर्डचं म्हणाल तर मुंबईत तो रोज लाखो लोकांच्या तोंडी आहे, फक्त त्यांना पत्ता नाही. मी नागपूरची, पंधरा वर्षं परळला राहते. माझी मुलगी केईएमची. जन्मदाखला पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा कळलं की के म्हणजे किंग, ई म्हणजे एडवर्ड, एम म्हणजे मेमोरियल. १९२६ चं हॉस्पिटल. टॅक्सीवाला म्हणतो "केम चलना है?" आणि आपण बसतो.

काळा घोडाही त्याचाच. १८७५-७६ मध्ये तो युवराज असताना इकडे फिरून गेला, त्याची आठवण म्हणून ससून शेठनी घोड्यावरचा पुतळा दिला. १९६५ मध्ये तो भायखळ्याला राणीच्या बागेत हलवला. राजा गेला, घोडाही गेला, नाव मात्र चौकाला चिकटलं ते चिकटलंच. मग २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, मुद्दाम बिनस्वाराचा. मला हे फार आवडतं. लोकांना घोडा हवा होता, वरचा माणूस नको होता.

भायखळ्याला मुलीला घेऊन गेले होते. बागेतला तो पुतळा खरंच काळाभोर आणि प्रचंड आहे. मुलगी बराच वेळ घोड्याचा खूर बघत होती. वर कोण बसलंय हे तिने विचारलंही नाही.

आणि गेटवे तुमच्या जॉर्जचा. तो १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरला तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता. पाया १९१३ मध्ये घातला, बांधकाम १९२४ मध्ये संपलं. ज्याच्यासाठी बांधली तो केव्हाच घरी पोचला होता. शेवटी फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीतून बाहेर पडली.

खरं_बोलू

हेच म्हणतो मी. आपण अजून त्यांच्याच कमानीखाली फोटो काढतो. चाफेकर बंधूंनी रँडच्या आधी मुंबईत व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. त्यांना नाही वाटलं की कलाकृती जपावी.

कलदार६५

मुद्दा मान्य. त्यांच्या काळात तो पुतळा म्हणजे चालतं राज्य होतं, डांबर त्याला फासलं. आज राज्यच नाही तर कागदावर राग काढून काय होणार? दिल्लीत इंडिया गेटसमोरच्या छत्रीतला जॉर्ज १९६८ मध्ये कॉरोनेशन पार्कात नेऊन ठेवला, मोडला नाही. छत्री मग २०२२ पर्यंत रिकामी होती, नेताजी येईपर्यंत. आम्ही १९८९ मध्ये सहकुटुंब गेलो होतो, गाइड रिकामी छत्री दाखवून म्हणाला, "यहाँ राजा था." आणि बायको म्हणाली, "मग आपण काय पाहून राहिलो?"

दिल्लीतल्या सातव्या एडवर्डची तर आणखी मजा. घोड्यासकट उचलून थेट कॅनडात, टोरोंटोच्या क्वीन्स पार्कमध्ये १९६९ ला उभा केला. आपल्या उन्हात साठवलेला राजा आता बर्फात.

महालचा_नातू

सगळ्यांचे आभार, आता पुढचं ऐका.

ब्रशभाऊंनी सांगितलं तसं मागची फळी काढली. खिळे गंजलेले, पकडीने एकेक उपसले. कागद खरंच कापलेला नव्हता, मागे दुमडलेला होता. मी घाई केली. घडी उलगडायला गेलो तर कुरकुरीत पापडासारखा तुकडा हातात आला. पण 'व्ही' नंतर पूर्णविराम स्पष्ट आहे, म्हणजे पुढे काही नव्हतं. पंचमच. खरं तर रुपयाने आधीच सांगितलं होतं.

फळीच्या आतल्या बाजूला आजोबांच्या अक्षरात पेन्सिलने मोडीत दोन ओळी आहेत. मला मोडी येत नाही. फोटो उद्या टाकतो, कोणाला लागली तर बघा.

एक योगायोग आईने काढला. शेगावला महाराजांनी समाधी घेतली ती ८ सप्टेंबर १९१० ला, तिला तिथी-तारीख तोंडपाठ. मी म्हटलं, हा जॉर्ज त्याच वर्षी मे महिन्यात गादीवर आला. ती म्हणाली, "म्हणून महाराजांनी म्हटलं असेल, आता पुरे."

खरं_बोलू भाऊ, तुमचं अर्धं ऐकलं. फ्रेम महाराजांचीच, असा आईचा निकाल आहे. चितारओळीजवळच्या फ्रेमवाल्याकडे नवी काच टाकायला दिली, कागद मात्र वेगळा बसवायला सांगितला. जॉर्ज सध्या कपाटावर, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली. रुपयाचं विचारलं तर आई म्हणाली, तो घासून ठेव, दिवाळीला लागेल.

तात्या, १५ ऑगस्टला किल्ल्यावर येता का? तुम्हाला गाडीने नेतो. तो खांब नेमका कुठे आहे ते तुम्हीच दाखवा.

तात्या_धरमपेठ

येतो. सकाळी लवकर निघू, नंतर रांग वाढते. आणि पाण्याची बाटली घे, मागच्या वेळी मला तिथे तहान लागली होती.